पाळण्यापुरतं एक भोक

७ जानेवारी २०२४, रविवार

ड्रिल विकत घ्यायचं तर विश्वास कुणावर ठेवायचा?

मला माहीत नाही. हे फक्त या वहीत कबूल करते. वहीबाहेर, म्हणजे स्वयंपाकघरापासून पुढे, मला माहीत आहे असंच सगळ्यांनी समजावं.

विषय असा. उमाताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख. बाराव्या दिवशी बारसं, आणि बारशाला पाळणा छताला टांगलेला हवा. पैठणच्या आत्याने आमचा जुना लाकडी पाळणा एसटीच्या टपावर टाकून पाठवलाय. आम्ही दोघी त्यातच वाढलो. साखळ्याही आल्या. पण पडेगावच्या या घरात छताला पाळण्याची कडी नाही. पंख्याचे हुक आहेत, त्यांना पंखे आहेत.

आईने विचारलं, सांडूकाकांना बोलवायचं का? सांडूकाका म्हणजे अण्णांचे, माझ्या वडिलांचे, जुने जोडीदार. दोघांनी तीस वर्षं शहरभर स्लॅब टाकले. मी म्हटलं, एका भोकासाठी बाहेरचा माणूस कशाला? घरात बी.एस्सी. फिजिक्स बसलीय. कॉर्डलेस ड्रिल मी घेणार, शाळेच्या पहिल्या पगारातून. भोकही मीच पाडणार.

आई म्हणाली, तुझ्या अण्णाला इचार.

हेच ते. घरातली पहिली पदवीधर समोर उभी असताना आईला सातवी शिकलेल्या माणसाला विचारायचंय. आईचा दोष नाही. हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे.

संकल्प: कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. पूर्ण अभ्यास करूनच निवड करायची.

९ जानेवारी, मंगळवार

चौदा मॉडेल्सचा तक्ता तयार. व्होल्ट, टॉर्क, फेरे, बॅटरी, वजन, वॉरंटी. शंभरपैकी गुण. 'कंपनीचा प्रामाणिकपणा' असा रकाना ठेवलाय, पण तो सध्या सगळ्यांचा रिकामा आहे.

अण्णा तक्ता बघायला आले. तक्ता बघितला, मग छताकडे बघितलं, आणि म्हणाले, "बाई, स्लॅब टाकला तवाच..."

मी त्यांना मध्येच थांबवलं. सांगितलं, अण्णा, तेव्हाचं तंत्रज्ञान वेगळं होतं. ते बरं म्हणाले आणि चहा घेऊन दाराबाहेरच्या ओट्यावर गेले.

उरलेलं वाक्य काय असणार ते मला ठाऊक आहे: तवाच सांडूकडून भोक पाडून घ्यायला पायजे होतं. सांडूकाकांचं नाव या घरात कुठल्याही वाक्याच्या शेवटी येऊ शकतं.

११ जानेवारी, गुरुवार

लोकांचे अभिप्राय वाचले. एकूण सहाशे बारा. निष्कर्ष:

पाच तारे देणारे पैसे घेऊन लिहितात. एक तारा देणारे दुसऱ्या कंपनीचे असतात. तीन तारेवाल्यांना स्वतःचंच मत नाही, त्यांचं मत आपण कशाला घ्यायचं? दोन तारे कुणी देतच नाही, हेही संशयास्पद. राहिले चार तारेवाले. त्यातल्या त्यात हेच विचारी वाटतात.

पण त्यांच्यातही भेसळ आहेच. एकाने बारा व्होल्टच्या एका ड्रिलखाली लिहिलंय, 'वडिलांसाठी घेतलं. ते खूश आहेत.' बस, एवढंच. टॉर्कबद्दल एक शब्द नाही. वडील आणि खूश! ड्रिल बघून? हा माणूस अस्तित्वात नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवला.

१४ जानेवारी, रविवार

शहागंजला हार्डवेअरच्या दुकानात गेले. काही घ्यायचं नव्हतं, दुकानदार कसा फसवतो ते बघायचं होतं.

दुकानात एक म्हातारे चाचा. मी निवडलेलं बारा व्होल्टचं मॉडेल त्यांच्या कपाटात होतं. हातात घेतलं. हलकं, सुबक. पुढे छोटा दिवाही आहे. चाचांनी विचारलं, कशासाठी हवं. मी सांगितलं. ते म्हणाले, "छत स्लॅब की है ना बेटी? फिर ये नक्को लेव. ये लकडी-पत्रे का काम करता. स्लॅब कू हॅमरवाला होना."

म्हणजे महागातलं विकायचंय, हे मी ओळखलं. पण पुढे ते म्हणाले, हॅमरवालं घेऊही नको, एका भोकासाठी भाड्याने ने, तासाभराचं काम आहे.

यावर बसमध्ये पडेगाव येईपर्यंत विचार केला. स्वतःच्या दुकानातला माल घेऊ नको म्हणणारा दुकानदार मी आजवर पाहिलेला नाही. याच्या मुळाशी काहीतरी नक्की आहे. भाड्याचं ड्रिल आधीच बिघडलेलं असणार, आणि मोडलं की नवीन गळ्यात मारायची पद्धत असणार. (अशी पद्धत आहे का, ते शोधणे.)

शिवाय विज्ञानाच्या दृष्टीने बघितलं तर भोक पाडणं म्हणजे टॉर्क, फिरवण्याचा जोर. हॅमर म्हणजे नुसती आदळआपट.

बारा व्होल्टला आणखी सहा गुण दिले. दुकानदार ज्याला नको म्हणतो त्यात त्याला फायदा कमी असतो, म्हणजे आपल्याला जास्त.

१५ जानेवारी, सोमवार. संक्रांत

बद्रीनाथ दाजी तिळगूळ घ्यायला आले. ते चितेगावला कंपनीत आहेत. ड्रिलचं कळल्यावर म्हणाले, विकत कशाला? आमच्या मेन्टेनन्सचं हॅमर ड्रिल रविवारी आणतो, दणादण भोक पाडतो, सोमवारी परत.

मी विचारलं, गेटपास असतो का? साहेबांचं लेखी पत्र? कंपनीची वस्तू घरगुती कामाला वापरणं कुठल्या नियमात बसतं?

दाजी म्हणाले, "साइंटिस्ट मॅडम, ड्रिल आणायचंय, रणगाडा नाय." ताई पोट धरून हसली. या दिवसांत तिने इतकं हसू नये, असं मी सांगितलं.

मग दाजींनी खरा मुद्दा काढला. त्यांच्या आईकडे, म्हणजे लक्ष्मीबाईंकडे, लोखंडी स्टँडचा पाळणा आहे. नाहीच जमलं तर तो टेम्पोत टाकून आणतील. छताची झंझटच नको.

आईचा चेहरा उतरला. पाव्हणे गेल्यावर भांडी घासता घासता म्हणाली, "पयल्या बाळाचा पाळणा माह्या घरी त्यांच्या स्टँडवर हालला, तर मी कुणाला तोंड दाखवू? घर बांधलं, पण लेकीचा पाळणा टांगायला जागा नाय म्हणतील."

मी आईला शब्द दिला. बारशाला पाळणा छताला असेल. पोटात जीव असलेला पाळणा, त्यामुळे कामात कसलीही हयगय होणार नाही. आईने ओल्या हातानेच माझ्या गालाला हात लावला आणि या वेळी अण्णाला इचार म्हणाली नाही.

१७ जानेवारी, बुधवार

अण्णांचं काहीतरी चाललंय.

शाळेतून आले तर ते बैठकीत भिंतीपासून पावलाला पाऊल लावून चालत होते. गुडघे दुखतात तरी. मध्येच थांबले, वर बघितलं. मग समोरच्या भिंतीपासून तसंच. काय करताय विचारलं, तर म्हणाले, मोजतो जरा. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय हे खरं, पण त्यासाठी अंगण आहे.

तासाभराने छताकडे लक्ष गेलं. लाल गेरूची फुली! काठीला गेरूचा खडा बांधून केलेली, वाकडीतिकडी. म्हणजे चालणं नव्हतंच ते. सांडूकाकांसाठी जागेची खूण चालली होती, माझ्या पाठीमागे.

झाडूला ओलं फडकं गुंडाळलं आणि फुली पुसून टाकली. मग खोलीचे दोन कर्ण दोरीने काढून बरोबर मध्यबिंदू शोधला आणि तिथे पेन्सिलीने बारीक, शास्त्रीय खूण केली. अण्णांच्या फुलीपासून वीतभर अंतरावर. अंदाज आणि भूमिती यांच्यात एवढा फरक पडतोच.

अण्णांनी संध्याकाळी वर बघितलं. काही बोलले नाहीत. अपराधी माणूस असाच गप्प बसतो.

२१ जानेवारी, रविवार

आज नळाला पाणी. सकाळ सगळी ड्रम भरण्यात गेली. सांडूकाका सहज म्हणून आले आणि अण्णांशी ओट्यावर तासभर बोलत बसले. मी बादली घेऊन तीनदा दारातून गेले. तिन्ही वेळा बोलणं थांबलं. तिसऱ्या वेळी सांडूकाका म्हणाले, "मास्तरीणबाई, मशीन आलं का?" त्या प्रश्नात खोच होती. मी म्हटलं, निवड प्रक्रिया अंतिम टप्प्यात आहे.

२६ जानेवारी, शुक्रवार

शाळेतलं झेंडावंदन. दुपारी बारा व्होल्टचं ड्रिल ऑर्डर केलं.

सेल लागलाय. आधी किंमत चढवून मग उतरवतात हे मला माहीत असल्यामुळे दहा दिवस रोज किंमत लिहून ठेवत होते. ती चढलीच नाही, तशीच राहिली आणि आज उतरली. हे त्यांनी का केलं असावं, समजलेलं नाही. सावध राहणे.

३० जानेवारी, मंगळवार

पार्सल आलं. पार्सलवाल्याला सांगितलं की डबा उघडून सिरीयल नंबर जुळेपर्यंत जायचं नाही. तो म्हणाला, ताई, अजून चाळीस पार्सलं हायत. मी म्हटलं, जागरूकतेला वेळ लागतो. आईच्या हातात मोबाइल देऊन डबा उघडण्याचा व्हिडिओ काढला, पुढे तक्रार करावी लागलीच तर पुरावा असावा म्हणून. व्हिडिओ नंतर बघितला. पहिली दोन मिनिटं आईचा अंगठा आणि मग शेवटपर्यंत पार्सलवाल्याचे पाय.

ड्रिल सुंदर आहे. बटण दाबलं की पुढचा दिवा लागतो. अण्णा लांबून बघत होते. हातात घ्यायचंय का विचारलं नाही. आधी माहितीपुस्तिका वाचायला हवी, आणि ती इंग्रजीत आहे.

१ फेब्रुवारी, गुरुवार

ताईला पहाटे घाटी दवाखान्यात नेलं. साडेदहाला मुलगी. दहा-बारा दिवस आधीच. दोघी बऱ्या आहेत. बाळाची मूठ माझ्या बोटापेक्षा लहान आहे.

बारसं बारा तारखेला. म्हणजे वेळापत्रक अलीकडे आलं, पण मी तयार आहे.

४ फेब्रुवारी, रविवार

ताई आणि बाळ आतल्या खोलीत. बाळ सारखं झोपतं, त्यामुळे आवाज करता येत नाही. उठलं की रडतं, त्यामुळे आईला स्टूल धरायला येता येत नाही. दोन्हींच्या मध्ये साडेचार मिनिटं मिळाली.

अण्णांची सेंटरिंगची (स्लॅबखाली फळ्या ठोकताना चढायची) घोडी घेतली, वर चढले, पेन्सिलीच्या खुणेवर ड्रिलच्या टोकाचं बिट टेकवलं.

भोक: नाही. खड्डा: आहे. खोली गव्हाच्या दाण्याएवढी. डोळ्यांत चुना. मग बॅटरी संपली.

कारण चार्जर. चार्जर काल मी पूर्णवेळ लावला होता, पण मध्ये ताईने तो काढून मोबाइल लावला असावा. ती नाही म्हणते. बाळंतिणीशी वाद घालत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

चार्जर निर्दोष. बॅटरी भरलेली असतानाही तेच. म्हणजे सोबत आलेलं बिट बनावट.

नवीन आणायला शहागंजला गेले, मुद्दाम दुसऱ्या दुकानात. चाचांच्या दुकानासमोरून ओढणी तोंडावर घेऊन जात होते, तरी आतून आवाज आला, "बेटी, हुआ क्या छेद?" काम प्रगतिपथावर आहे असं सांगितलं. त्यांनी न विचारता सिमेंटचं बिट काढून दिलं आणि म्हणाले, प्लास्टर के ऊपर लोहा लगा तो रुक जाना, जोर मत करना, जगा बदलना.

या माणसाला माझ्या छतात इतका रस का?

८ फेब्रुवारी, गुरुवार

मोठं यश. इंचभर आत गेलं. भुगा छान पडत होता, अगदी व्हिडिओतल्यासारखा. आई खालून बघत होती. मग टक् असा आवाज आला आणि बिट थांबलं. जोर लावला. बिटाचं टोक निळं पडलं, वास आला. जागा बोटभर बदलली, तिथेही तेच. तिसरीकडेही.

छत सहकार्य करत नाही. पण विचार केला तर इंचभर पुरे आहे. भोकात ठोकायची प्लास्टिकची गिट्टी आणि तिच्यात पिळायचा हुक यांचं पाकीट आणलंय, त्यावर स्पष्ट छापलंय: पंचवीस किलो. पाळणा सात, बाळ तीन. पाकिटावर छापलेल्या मजकुरावर कायद्याने विश्वास ठेवता येतो. या सगळ्या प्रकरणात विश्वास ठेवावा असं मला पहिल्यांदाच काही सापडलंय.

तीन भोकांमधलं जरा गोल होतं, त्यात गिट्टी ठोकली, हुक पिळला. घट्ट.

अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "माय, प्लास्टर हाय ते." मी पाकीट दाखवलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

दुपारी चार वाजता चाचणी. आधी चाचणी, मग बाळ, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं. शास्त्रीय पद्धत.

साखळ्या हुकात अडकवल्या. पाळण्यात दहा किलो ज्वारीची पिशवी ठेवली, म्हणजे बाळाच्या तिपटीहून जास्त. सगळ्यांना बोलावलं. आई, अण्णा समोर, ताई दारात, बाळ तिच्या खांद्यावर. मी हलका झोका दिला.

एक मिनिट. दोन मिनिटं. आई हसायला लागली होती. तिसऱ्या मिनिटाला बारशाची एक ओवी गुणगुणलीही तिने.

चौथ्या मिनिटाला पाळणा ज्वारीसकट खाली आला.

ज्वारी पार उंबऱ्यापर्यंत गेली. ताईने एक हात बाळाच्या डोक्यावर ठेवला, वळली, आतल्या खोलीत गेली आणि कडी लावून घेतली. ती कडी लावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

नोंद: हुक निघालेला नाही. निघालं ते प्लास्टर. परातीएवढं. हुक त्या प्लास्टरमध्ये अजूनही घट्ट आहे. तांत्रिकदृष्ट्या...

पुढचं वाक्य सुचत नाही.

आई खाली बसून ज्वारी गोळा करत होती. माझ्याकडे न बघता अण्णांना म्हणाली, बद्रीनाथला फोन लावा, स्टँड घेऊन या म्हणावं. तिने मला एक शब्दही लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. मी ज्वारी वेचायला बसले तर म्हणाली, राहू दे, पायाखाली येईल.

अण्णा फोनकडे गेले नाहीत. वर बघत होते. प्लास्टर पडलं तिथे कडेला गंजाचा तांबडा ओघळ आणि सळईचं टोक उघडं पडलंय. लोखंड इतकं खाली! बांधकामाचा दर्जा काय हा. हे घर कुणी बांधलं ते विचारायची सोय नाही, कारण ते समोरच उभे होते.

११ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सात वाजता अण्णांनी उठवलं. विचारलं, "माय, त्या मशीनला उजेड हाय ना?"

ते घोडीवर चढले. चढताना गुडघा दोनदा थांबला. हातात छन्नी, हातोडी. घोडीला दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत, दुसऱ्या बाजूने मी चढले आणि ड्रिलचं बटण अर्धं दाबून धरलं. बिट काढून टाकलं होतं. दिवा लागला, ड्रिल हळूहळू मोकळंच फिरत राहिलं. अण्णांनी उघड्या सळईपासून बोटं टेकवत टेकवत वीतभर पुढे मोजलं आणि जिथे मी झाडूने फुली पुसली होती तिथेच छन्नी लावली.

दहा-बारा ठोके. खपली पडली. आत सिमेंटच्या पोत्याचा कागद कोंबलेला होता. तो त्यांनी बोटाने उकरून काढला. कागदामागे लोखंडाची कडी, सोळा एमएमच्या सळईची, छताला चपटी निजवलेली. पकडीने धरून ओढली तशी ती कुरकुरत खाली आली आणि सरळ उभी राहिली. गुरुवारी मी तीनदा ज्याला टक् टक् भिडले ते तिचेच स्लॅबमध्ये पसरलेले पाय.

अण्णांच्या केसांत, भुवयांत सिमेंट. ते कडीकडेच बघत होते.

"स्लॅब टाकला तवाच ठिवल्या व्हत्या. दोन. पोरी दोन व्हत्या ना."

तेव्हा ताई सात वर्षांची, मी दोनची. मी विचारलं, मग बुजवल्या कशाला? म्हणाले, मोकळी कडी पोरींच्या डोक्यावर लोंबती कशाला ठेवायची. रिकामा पाळणा हलवत नाहीत, तसंच ते. वेळ येईल तेव्हा काढू, असं ठरलं होतं. आईला फक्त एवढं ठाऊक होतं की अण्णांनी काहीतरी सोय केलीय. कुठे, ते तिलाही नाही.

मी म्हटलं, अण्णा, मला सांगायचं तरी.

"सांगत व्हतो की. पण म्हटलं, तू शिकलेली. तुझं बी काही असंल."

बटणावरचं माझं बोट सुटलं आणि दिवा विझला. त्यांनी 'उजेड धर' म्हटल्यावर परत दाबलं. डोळ्यांत भुगा गेला होता. चष्मा लावायला हवा होता, माहितीपुस्तिकेत तसं लिहिलंय.

नऊ वाजता सांडूकाका आले. कुणी बोलावलं हे मी आता विचारत नाही. त्यांनी वर बघितलं, चपला काढल्या, घोडीवरून हात पोहोचवला आणि दोन्ही हातांनी कडीला लटकले. साठीचा माणूस, बैठकीच्या मधोमध, धोतरातले पाय हवेत. अण्णांनी त्यांना दोन झोके दिले. "सेंटरिंग काढली त्या दिवशी बी असाच लटकलो व्हतो," वरूनच म्हणाले, "तवा चाळिशीचा व्हतो, कडीला आता जरा हलका लागत असंन."

आतल्या खोलीची कडी निघाली. ताई बाहेर आली, बघितलं आणि हसली. मग बाळाला घेऊन कडीच्या अगदी खाली येऊन उभी राहिली. मी शंभर किलोच्या चाचणीचा विचार करत होते, तो सोडून दिला.

१२ फेब्रुवारी, सोमवार. बारसं

गर्दी. पाळणा छताला. माझा खड्डा झाकायला आईने तिथे गुलाबी फुगे चिकटवलेत, एकूण पाच. खड्डा मोठा आहे.

लक्ष्मीबाई टेम्पोतून स्टँडचा पाळणा घेऊन आल्या होत्याच, असावा म्हणून. तो अंगणातच राहिला, त्यात पाव्हण्यांच्या पिशव्या ठेवल्या. त्यांनी वर बघून म्हटलं, कडी जुनी दिसती. आईने पदर सारखा केला आणि जरा मोठ्यानेच सांगितलं की व्हय, यांनी घर बांधतानाच ठिवली व्हती, लेकींसाठी. मग तिने चारचौघींत माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, आणि उजेड हिनं धरला.

आईला खोटं बोलता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

बाळाच्या आत्याने नाव ठेवलं. मी सुचवलेलं नाही. दाजींनी विचारलं, साइंटिस्ट मॅडम, दुसरी कडी कुठंय? मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, ती इचारंल तवा तिला सांगंन. मी विचारलं नाही. घाई नाही, आणि मला तिथे पाळणाच टांगायचा आहे असंही नाही. पण कुठेतरी आहे, हे माहीत असलेलं बरं.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

ड्रिल परत करायची मुदत उद्या संपते. अर्ज भरून ठेवला होता. कारण: 'अपेक्षित कार्यक्षमता नाही.' पुरावा म्हणून व्हिडिओ जोडायचा होता, पण त्यात पार्सलवाल्याचे पायच आहेत.

शाळेतून आले तर ड्रिल डब्यात नव्हतं. अण्णांकडे. कुणाकडून तरी स्क्रूचं बिट मागून आणलेलं. सकाळपासून त्यांनी दाराच्या बिजागऱ्या, खिडकीच्या कड्या, पलंगाचे चारी कोपरे आवळलेत. मग स्टँडच्या पाळण्याचे ढिले नट आवळून तो दाजींबरोबर परत पाठवला. मी गेले तेव्हा ओट्यावर बसून माझ्या टेबलाचं ड्रॉवर नीट करत होते. ते तीन वर्षं अडकत होतं. मला बघून त्यांनी नुसतंच बटण दाबलं, दिवा लावला आणि बंद केला. पुन्हा लावला.

म्हणाले, लाकडाला लई ग्वाड चालतं गं.

चाचा हेच म्हणाले होते. त्यांना सांगून यायला हवं.

परतीचा अर्ज पुसला. मग त्याच बारा व्होल्टच्या ड्रिलखाली अभिप्राय लिहिला. टॉर्कबद्दल लिहायचं होतं, आर.सी.सी.बद्दल, हॅमरबद्दल, प्लास्टर आणि स्लॅब यांतल्या फरकाबद्दल. दीड पान झालं. ते सगळं खोडलं. शेवटी दोन वाक्यं उरली, तेवढीच टाकली. चार तारे.

'वडिलांसाठी घेतलं. ते खूश आहेत.'

वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही. टाकून झालंय.